जायचं म्हटलं तरी सोडतंय कोण?

करोल बागेला लागून असलेला जुना राजेंद्र नगर आज देशभर ओळखला जातो तो यूपीएससीच्या क्लासेसमुळे. लातूर, बुलढाणा, नांदेड, यवतमाळहून आलेली मुलंमुली इथं एका खोलीत तिघं-तिघं राहतात, मेसच्या राजम्याला नावं ठेवतात आणि रात्री बारा वाजता चहाच्या टपरीवर जगाचे प्रश्न सोडवतात. यंदाच्या हिवाळ्यात अशाच एका टपरीवर एक प्रश्न निघाला. चालू घडामोडींच्या वहीत कुठल्याशा देशातून फुटून निघू पाहणाऱ्या प्रांताची टिपणं होती, त्यावरून कुणीतरी म्हणालं, समजा उद्या आपलंच एक राज्य झालं, अगदी स्वतंत्र देश, आपल्या लोकांचा. जाशील का तिकडे?

एक जण म्हणाला, आत्ता या क्षणी. दुसऱ्याने विचारलं, तिथं केंद्र सरकारची नोकरी असेल का? सगळे हसले. तिसरी होती मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या सफाई कामगाराची मुलगी, घराण्यातली पहिली पदवीधर. ती हसली नाही. म्हणाली, "आई एक दिवस झाडायला गेली नाही तर मुकादम घरी येतो. तिला देश सोडून कोण जाऊ देईल?"

चेष्टेत निघालेल्या प्रश्नाला मिळालेलं हे उत्तर आम्हाला विसरता आलं नाही. कारण या मुलीने जे विचारलं ते १९४७ साली शब्दशः घडून गेलं आहे. ज्या वसाहतीत ती बसली होती, त्या वसाहतीच्या जन्माशीही त्याचा संबंध आहे.

जुना राजेंद्र नगर, पटेल नगर, लाजपत नगर या फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेल्या वसाहती. १९४१ साली दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आसपास होती, १९५१ साली ती साडेसतरा लाखांच्या जवळ गेली. त्या जनगणनेत दिल्लीत जवळपास पाच लाख लोक विस्थापित म्हणून नोंदले गेले. पश्चिम पंजाब आणि सरहद्द प्रांतातून आलेल्या या कुटुंबांनी किंग्जवे कॅम्पच्या तंबूंपासून सुरुवात करून शहरभर दुकानं उभी केली, हे दिल्लीत कुणीही अभिमानाने सांगतं, आणि त्यात खोटं काही नाही. हाल झालेच होते. पण त्या कहाण्या ऐकताना आडनावं मोजा. खत्री, अरोडा, ब्राह्मण. लाहोर, कराची, मुलतानचे रस्ते झाडणारे, कातडी कमावणारे, शेतात राबणारे लोकही तिकडे होतेच ना? ते कुठं गेले?

त्यांतल्या पुष्कळांना जाऊच दिलं नाही.

सिंध हा १९३६ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीची गटारं आणि संडास साफ करणारी माणसं बरीचशी गुजरात, काठेवाड, मारवाडातून तिकडे नेलेली. फाळणी झाली, हिंदू व्यापारी, वकील, डॉक्टर बोटीने मुंबईला निघाले. सफाई कामगारही निघू लागले तेव्हा मात्र तिथलं सरकार जागं झालं. अत्यावश्यक सेवांच्या कायद्याखाली त्यांच्या जाण्यावर बंदी आली. भारताचे कराचीतले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी ही हकीकत आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे तक्रार केली, तेव्हा त्यांना मिळालेल्या उत्तराचा मतलब असा होता की हे लोक गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास साफ कोण करणार? हेच श्रीप्रकाश पुढे महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले. (राजभवनातल्या तसबिरी पाहताना ही गोष्ट कुणी सांगत नाही.)

विचार करा. एक राष्ट्र धर्माच्या नावावर उभं राहिलं, दुसऱ्या धर्माची माणसं जाऊ द्यायला त्याची हरकत नव्हती, बऱ्याच ठिकाणी त्यांना हाकलण्याचीच घाई होती. अपवाद फक्त एका जातसमूहाचा. तेवढा मात्र 'अत्यावश्यक'. अस्पृश्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी अत्यावश्यक म्हटलं, तेही त्याला डांबून ठेवण्यासाठी. कुणाला राज्य सोडून जाता येतं, या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या मर्जीत शोधणारे इथंच चुकतात. मर्जी आधी नसतेच विचारलेली. राज्याला तुमच्या हातांची किती गरज आहे आणि त्या कामाला दुसरे हात मिळतात का, यावर तुमचं जाणं ठरतं.

बाबासाहेबांना हे दिल्लीत बसून दिसत होतं. ते तेव्हा देशाचे कायदामंत्री होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी निवेदन काढून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना, मिळेल त्या मार्गाने भारतात या, असं सांगितलं. सवर्ण हिंदूंवरच्या रागापोटी मुस्लिम लीगवर विसंबू नका, असा स्पष्ट इशाराही दिला. ज्यांना बळजबरीने धर्म बदलावा लागला त्यांना परत सन्मानाने सामावून घेऊ, अशी ग्वाही दिली. डिसेंबरमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. अडकलेल्यांना बाहेर काढायला महार पलटणीचे जवान पाठवा, असं त्यात सुचवलं होतं. आमच्या मते त्या पत्रातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. जे अस्पृश्य कसेबसे सीमा ओलांडून पूर्व पंजाबात आले, त्यांना छावण्यांमध्ये मदत नीट मिळत नव्हती, ही तक्रार त्यांनी त्याच पत्रात केली. म्हणजे तिकडचं सरकार सोडत नाही आणि इकडचं सरकार घेत नाही. दोन्ही देशांना स्वातंत्र्य मिळून चार महिने झाले होते.

घेत नाही म्हणजे काय, ते जमिनीच्या हिशेबावरून कळतं. पूर्व पंजाबात निर्वासितांना जमीन देताना मोठं शास्त्रशुद्ध काम झालं. प्रत्येकाने पाकिस्तानात किती जमीन सोडली हे महसुली नोंदींवरून तपासलं गेलं, जमिनीची प्रत लक्षात घेऊन 'प्रमाण एकर' ठरवला गेला, आणि ज्याची जमीन जास्त त्याच्या वाट्याला जास्त कात्री लावली गेली. प्रशासनाच्या पुस्तकांत आजही या कामाची वाहवा होते, आणि मुखर्जी नगरच्या नोट्समध्येही ती तुम्हाला सापडेल. पण या हिशेबाची पहिली ओळच अशी आहे की मागे जमीन सोडून आलेल्याला जमीन. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात नांगर धरला, त्याने मागे काय सोडलं म्हणून दाखवायचं? आणि त्याच्याकडे जमीन नव्हती ती काही आळसामुळे नव्हे. १९०० सालच्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने शेतकरी जमाती कोणत्या याची यादीच केली होती. त्या यादीत अस्पृश्य नव्हते, म्हणून पैसा असला तरी त्यांना त्या जमातींची शेतजमीन विकत घेता येत नव्हती. आधी कायद्याने जमीन घेऊ दिली नाही, मग जमीन नव्हती म्हणून जमीन दिली नाही. शहरांतल्या घरादारांच्या भरपाईचंही सूत्र तेच, जे गमावलं त्याच्या प्रमाणात. हरिजन निर्वासितांसाठी पुनर्वसन खात्यात वेगळा विभाग काढावा लागला, यातच मुख्य योजना त्यांच्यासाठी नव्हती याची कबुली आहे.

स्थलांतराने माणसं नव्याने सुरुवात करतात असं म्हणतात. तसं होत नाही. माणूस आपली जुनी जागा सोबत घेऊन निघतो आणि पलीकडचा कारकून तीच जागा नव्या वहीत उतरवून घेतो.

इथं जोगेंद्रनाथ मंडल यांचं नाव घेतलंच पाहिजे. आपल्याकडे त्यांच्याविषयी एक तर कुणी बोलत नाही, नाही तर व्हॉट्सॲपवर त्यांचा उपयोग दलित-मुस्लिम ऐक्याची टर उडवायला होतो. दोन्ही अन्यायाचंच. बारिसालचे हे नामशूद्र नेते. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांचा संविधान सभेचा रस्ता बंद झाला होता, तेव्हा त्यांना बंगालमधून निवडून आणण्यात मंडल यांचा वाटा सर्वात मोठा होता. फाळणीने ती जागा गेली आणि बाबासाहेब पुन्हा मुंबईतून आले ही पुढची गोष्ट. पण पहिलं दार उघडलं ते बंगालच्या नामशूद्रांनी. मंडल यांचा हिशेब असा होता की पूर्व बंगालात मुसलमान कूळ आणि नामशूद्र कूळ यांचा जमीनदार एकच आहे, सवर्ण हिंदू. तेव्हा नव्या राष्ट्रात आपलं भलं होईल. त्यांनी पाकिस्तान निवडला. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली ती त्यांच्या अध्यक्षतेखाली. ते त्या देशाचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री झाले. एकाच वेळी दोन्ही नव्या देशांचे कायदामंत्री अस्पृश्य समाजातले होते. ही गोष्ट किती शाळांत शिकवतात?

फेब्रुवारी १९५० मध्ये पूर्व बंगालात दंगली पेटल्या, नामशूद्रांची गावं त्यात होरपळली. ऑक्टोबर १९५० मध्ये मंडल यांनी कलकत्त्याहून लियाकत अलींना लांबलचक राजीनामा पाठवला. भारतात परतल्यावर त्यांना राजकारणात पुन्हा पाय रोवता आले नाहीत. १९६८ साली ते वारले. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. सीमेच्या दोन्ही बाजूंचे दोन कायदामंत्री एका वर्षाच्या आत बाहेर पडले. कारणं वेगळी होती, पण आम्हाला तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

मंडल यांना भोळे म्हणणं सोपं आहे. त्यांचं वर्गाचं गणित चुकीचं नव्हतंच. चुकलं ते एवढंच की नव्या राज्याची घोषणा ज्या ओळखीवर झाली आहे, त्या ओळखीत आपण बसतो का, याची खातरजमा त्यांनी नेत्यांच्या आश्वासनांवर केली. जिना ११ ऑगस्टला सर्वांना समान नागरिकत्वाचं भाषण करून तेरा महिन्यांनी वारले. आश्वासन देणारा गेला आणि आश्वासन कुठल्याही कायद्यात उतरलेलं नव्हतं.

ज्या नामशूद्रांनी मंडल यांच्यावर विश्वास ठेवून गाव सोडलं नव्हतं, त्यांचं काय झालं? बंगालचे भद्रलोक आधीच निघून गेले होते. त्यांच्याकडे कलकत्त्यात नातेवाईक होते, नोकऱ्या होत्या, अदलाबदलीला घरं होती. शेतकरी नामशूद्र १९५० नंतर लोंढ्यालोंढ्याने आले आणि छावण्यांत बसले. पश्चिम बंगालमध्ये जागा नाही म्हणून १९५८ पासूनच्या दंडकारण्य प्रकल्पाखाली त्यांना मलकानगिरी, बस्तरच्या जंगलात पाठवलं गेलं. पाण्यात वाढलेली ही माणसं, खडकाळ माळावर. १९७८ मध्ये त्यांतले हजारो लोक परत फिरले आणि सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर स्वतःच्या हिमतीने वसले; शाळा, दवाखाना, मासेमारी सगळं उभं केलं. जानेवारी १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात वस्ती जाळून त्यांना हुसकावलं. किती मेले याचा आकडा आजही वादात आहे. राज्य पुरोगामी होतं, सरकार कष्टकऱ्यांचं होतं.

यातली काही कुटुंबं आपल्या महाराष्ट्रातही आहेत. चामोर्शी, मुलचेरा भागात गेलात तर भाताच्या खाचरांकडेला बंगाली बोलणारी गावं लागतील. यांतले नामशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत ती जातच नाही. त्यांनी आपल्या मर्जीने गडचिरोली निवडलं नव्हतं, सरकारने आणून ठेवलं. जात आली, दाखला आला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाबासाहेबांनी वेगळं राज्य मागितलं होतं का? 'अछूतिस्तान' हा शब्द चाळीसच्या दशकात उत्तरेत काही जणांनी वापरला होता. बाबासाहेबांची मागणी ती नव्हती, आणि हा फरक आपल्या मुलांनी नीट समजून घ्यायला हवा, कारण विरोधक तो मुद्दाम पुसतात. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा त्यांचा ग्रंथ १९४० चा. त्यात त्यांनी ग्रीस, तुर्कस्तान, बल्गेरिया यांच्यातल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीचा बारकाईने विचार केला आहे. माणसं राष्ट्राच्या सीमा ओलांडून हलतात, हलवता येतात, त्यासाठी करार लागतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी आपल्या लोकांसाठी त्यांनी मागितलं ते वेगळंच. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जिथं स्थापन झालं त्याच मंडपात, ठराव झाला तो स्वतंत्र वसाहतींचा. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीला आले. मार्च १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा लिहिला. त्यात ही मागणी कलमांच्या भाषेत आहे. केंद्राचा वसाहत आयोग असावा, पडीक सरकारी जमीन त्याने अनुसूचित जातींसाठी विश्वस्त म्हणून ताब्यात घ्यावी, खासगी जमीनही विकत घेता यावी, दरसाल पाच कोटी रुपये यासाठी बाजूला काढावेत.

त्यामागचा विचार साधा पण फार खोल आहे. गावाची रचनाच अशी आहे की अस्पृश्य हा बहुसंख्याकांना चिकटलेला, त्यांच्या भाकरीवर जगणारा, विखुरलेला अल्पसंख्य राहतो. सीमा कुठंही आखा, प्रत्येक गावात तो अल्पसंख्यच. त्याला मुक्त करायचं तर गाव बदलायला हवा आणि हातात जमीन हवी. झेंडा, चलन, पंतप्रधान यांतलं काहीही त्या मसुद्याने मागितलं नाही. मागितला तो आजच्या भाषेत सातबारा.

हे संविधानात आलं नाही. राखीव जागा आल्या, जमीन नाही आली. आज आपण पदवीधर आहोत ते आलेल्या अर्ध्यामुळे. आपले चुलते अजून दुसऱ्याच्या बांधावर आहेत ते न आलेल्या अर्ध्यामुळे.

न आलेला अर्धा काय करतो ते दिल्लीपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर पाहा. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातलं मिर्चपूर. २१ एप्रिल २०१० रोजी वाल्मीकी वस्तीवर जाट समाजाच्या जमावाने हल्ला केला. निमित्त कुत्रं भुंकल्याचं. एक वृद्ध आणि त्यांची अपंग मुलगी जळून मेली. गावात न्याय होणार नाही म्हणून खटला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात हलवला. पळून आलेली कुटुंबं कित्येक वर्षं हिसारबाहेर एका फार्महाऊसच्या आवारात झोपड्या टाकून राहिली. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आधी सुटलेल्या वीस जणांनाही दोषी ठरवलं, आणि राहायला ढंढूर गावाजवळ भूखंड देण्याची योजना आली. त्याच जिल्ह्यातल्या भगाणाचे दलित गावातल्या सामाईक जमिनीच्या वादावरून २०१२ मध्ये बाहेर पडले. जंतरमंतरवर बसले, महिनोन्‌महिने. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांतल्या काहींनी तिथंच इस्लाम स्वीकारला.

म्हणजे स्वतंत्र वसाहत झालीच की. फक्त ती आयोगाने नाही, आगीने केली. आणि त्यात घरापुरती जागा आहे, कसायला शेत नाही. गाव सुटला, पण मजुरी शोधत त्याच चौकात उभं राहायचं.

आता तुमचं-आमचं स्थलांतर घेऊ. त्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही, करिअर म्हणतात. निळ्या लाइनच्या मेट्रोत बसलात की न्यू अशोक नगर आणि नोएडा सेक्टर १५ या दोन स्थानकांच्या मध्ये राज्य बदलतं. पिवळ्या लाइनने दक्षिणेला गेलात की गुरुग्रामच्या अलीकडे हरियाणा लागतो. डब्यात कुणी पासपोर्ट मागत नाही. पण सरकारच्या लेखी त्या दोन मिनिटांत तुमचं काहीतरी गळून पडतं. महार, मांग किंवा नवबौद्ध म्हणून महाराष्ट्राच्या यादीत असलेला माणूस उत्तर प्रदेशाच्या किंवा हरियाणाच्या राज्य सरकारी नोकरीत अनुसूचित जातीचा राहत नाही, खुल्या प्रवर्गात जातो. ३० ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने बीरसिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या खटल्यात हेच पक्कं केलं: एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात आरक्षण मागू शकत नाही. दिल्लीचा मात्र अपवाद. इथल्या सेवांना देशभरातल्या अनुसूचित जातींना लागू होणारा केंद्राचा नियम वैध आहे, असं चार न्यायाधीशांनी म्हटलं, एकाने वेगळं मत दिलं. म्हणून दिल्लीच्या जाहिरातीत तुम्ही जे आहात, ते यमुनेपलीकडच्या जाहिरातीत नाही. केंद्राच्या नोकरीत कुठंही गेलात तरी आहात.

न्यायालयाचा तर्क असा की जातीचं मागासलेपण त्या-त्या राज्याच्या संदर्भात ठरतं. कागदावर ठीक. पण नोएडात भाड्याने घर पाहायला जा. घरमालकीण आडनाव विचारते, मग 'म्हणजे नेमके कोण?' असं विचारते, मग मांसाहार विचारते. ती तुमचा दाखला कुठल्या जिल्ह्याचा हे विचारत नाही. आमच्यातल्या एकाला सेक्टरच्या एका सोसायटीत आगाऊ रक्कम परत करताना घरमालकाने सांगितलं, 'भाईसाहब, हमारे घर में पूजा-पाठ होता है.' तिरस्काराला अखिल भारतीय मान्यता आहे, सवलतीला मात्र अधिवास लागतो.

आपण याबाबत सोवळे आहोत असंही नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला आणि वैधता मिळवायला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. हरियाणा, उत्तर प्रदेश, गुजरातहून आलेल्या ज्या मेहतर-वाल्मीकी कुटुंबांना त्यानंतर आपल्या नगरपालिकांनी सफाईच्या कामाला ठेवलं, त्यांची मुलं या तारखेवर अडतात. झाडू हातात देताना तारीख विचारली नव्हती. वर्ग एकच्या जागेला अर्ज केला की विचारतात. या मुलांच्या बाजूने आपल्या संघटना किती वेळा उभ्या राहिल्या? आपलीही यादी आहे आणि आपणही ती राखत बसलो आहोत, हे लिहिताना आम्हाला बरं वाटत नाही.

नवं राज्य झालं की काय होतं याचा ताजा दाखला झारखंडचा. १५ नोव्हेंबर २००० रोजी ते बिहारपासून वेगळं झालं. जे कर्मचारी झारखंडच्या वाट्याला आले, त्यांच्यातल्या अनुसूचित जातीच्या एकाला पुढं झारखंडच्या राज्यसेवा परीक्षेत सांगण्यात आलं की तुझं मूळ बिहारचं, इथं तुला आरक्षण नाही. माणूस जागचा हलला नव्हता, राज्य त्याच्या पायाखालून सरकलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दोहोंपैकी एका राज्यात तो आरक्षण घेऊ शकतो, एकाच वेळी दोन्हीकडे नाही. एकवीस वर्षं लागली. वेगळ्या विदर्भाच्या सभांना जाणाऱ्या आमच्या मित्रांना आम्ही एवढंच विचारतो की तुमच्या जाहीरनाम्यात या प्रश्नावर कलम आहे का? पुण्यात शिकणाऱ्या चंद्रपूरच्या मुलीचा आणि नागपुरात नोकरी करणाऱ्या परभणीच्या माणसाचा दाखला दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं चालेल?

विदर्भाला आमचा विरोध नाही. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनीच मराठी मुलखाचे चार भाग सुचवले होते: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. पण त्याच लेखनात त्यांनी हेही दाखवून दिलं की एखाद्या राज्यात एकच मोठी जात जमीन, सत्ता आणि मतं राखून असते आणि लहान जाती तिच्या दयेवर जगतात. सीमा आखताना त्या जातीचं काय करणार, हा त्यांचा प्रश्न होता. आज वेगळं राज्य मागणारे सिंचनाचा अनुशेष मोजतात, विजेचे आकडे सांगतात. जातीचा हिशेब कुणी मांडत नाही.

तर मग जायचं की नाही? टपरीवरच्या मुलांना आम्ही जे म्हणालो ते इथं सांगतो. राज्य कोणत्याही नावाने येवो, आधी त्याची जमिनीची वही मागा. तिथं सफाईचं काम कोण करणार आणि ते नाकारून निघून जाण्याचा हक्क त्याला कुठल्या कलमाने दिला आहे, ते वाचा. आश्वासन कुणाच्या भाषणात आहे आणि किती मसुद्यात उतरलं आहे, ते पडताळून पाहा. मंडल यांच्याकडे १९४७ मध्ये ही वही मागायला वेळ नव्हता, देश महिन्या-दोन महिन्यांत वाटले जात होते. तुमच्याकडे वेळ आहे, आणि वाचता येतं.

अलीपूर रोडवरच्या २६ क्रमांकाच्या जागी, जिथं ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं निधन झालं, आता राष्ट्रीय स्मारक आहे. राजेंद्र नगरच्या त्या मुलांपैकी तिघं या महिन्यात तिकडे जाऊन आली. तिसरीने परत आल्यावर एक काम केलं. केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला तिच्याकडे नव्हता, फक्त राज्याचा होता. तिने आईला फोन केला आणि शाळा सोडल्याचे जुने दाखले शोधायला सांगितलं, आजोबांचाही मिळाला तर पाहा म्हणाली. आई म्हणाली, रविवारी बघते, बाकीच्या दिवशी मुकादम सोडत नाही.